फोटोच्या पाठीवरचा होकार

त्या रविवारी सकाळी मी पूजा अर्धी टाकून उठलो. देवांना पाणी घातलेले होते, गंध उगाळलेले होते, फुले वाहायची राहिली होती. आई चुलीपुढून म्हणाली, "आरं, देवाला तसंच उघडं ठिवून कुठं निघाला?" नागापूरच्या फाट्यावर येऊन श्रीरामपूरची एस.टी. पकडली. बोटांना लागलेले गंध राहुरी येईपर्यंत वाळून गेले होते. माझा राग मात्र तसाच होता.

आदरणीय शमुवेल आढाव, म्हणजे आपल्या सर्वांचे शमुवेलकाका, यांची आणि माझी खरी ओळख व्हायची होती, आणि मी भांडायला निघालो होतो. काकांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे अनेक चाहते लिहितील. पण त्यांच्या दारात उभे राहून त्यांनाच "लबाड माणूस" म्हणणारा बहुधा मी एकटाच असेन. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या वेळी आम्ही नागापूरच्या पलीकडे एका खडीच्या खाणीवर राहत होतो. ती खाण आता बंद आहे. वडील लवकर गेले. आई हिराबाई खडी फोडायची. मी मामांच्या गावी राहून शिकलो, डी.एड. केले, आणि सुट्टी लागली की खाणीवर येऊन आईशेजारी बसून खडी फोडायचो. अशाच एका उन्हाळ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ सकाळी आले, त्यांनी आमचा फोटो काढला, दिवसभर तिथेच सावलीत बसून राहिले आणि संध्याकाळी त्याच जागी पुन्हा काढला. पुढे मला काष्टीजवळच्या शाळेत शिक्षकाची नेमणूक मिळाली आणि मी ते विसरून गेलो. एका शनिवारी घरी आलो तर आई सांगते, "ते शिरामपूरचे फोटूवाले आढाव आल्ते. आपला फोटू दाखवला, परदर्शनात लावू का म्हनले. मी म्हनलं लावा. अंगठा दिला."

नुकता कुठे मी 'गुरुजी' झालो होतो. शाळेच्या गावात मी आमची शेती आहे असे सांगितले होते. लग्नाची बोलणी सुरू होती. आणि आता खडी फोडणारा मी गावोगावच्या भिंतींवर लागणार होतो.

श्रीरामपूरला काकांच्या स्टुडिओला कुलूप होते. शेजारचे शिंपी म्हणाले, "आज रविवार ना. ते चर्चला असतात. बसा." मी पायरीवर बसलो. तासाभराने पांढरा शर्ट घातलेले काका आणि मार्थाकाकू चालत आले. मी उठून जे बोलायला सुरुवात केली ते इथे लिहिण्यासारखे नाही. अडाणी बाईचा अंगठा घेता, आमच्या गरिबीवर नाव कमावता, लबाड आहात. काका ऐकत उभे राहिले. काकू म्हणाल्या, "लांबून आलेत. आधी पाणी तरी घेऊ द्या त्यांना, मग भांडू द्या." त्यांच्या बोलण्यात कुठेही कडवटपणा नव्हता, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो.

काकांनी आतून एक जाड पुठ्ठा आणला. त्यावर दोन फोटो चिकटवलेले होते. मी ते पाहिले नाहीत, मान फिरवली. त्यांनीही आग्रह केला नाही. त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागे डाव्या बाजूला आईचे नाव, त्याखाली 'दाखवावा' असे लिहिलेले आणि तिचा निळा अंगठा. उजव्या बाजूला माझे नाव. त्याखाली कोरी जागा.

"ही तुमची जागा," काका म्हणाले. "तुम्हाला विचारायला मी काष्टीला येणारच होतो. तुमच्याशिवाय हा बाहेर गेलाच नसता."

पण माघार घेण्याएवढा समजूतदारपणा माझ्यात नव्हता. मी खिशातले पेन काढले आणि त्या कोऱ्या जागेत 'दाखवू नये' असे लिहून सही केली. काकांनी शाई वाळू दिली, पुठ्ठा कागदात गुंडाळला आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. जाताना मीच म्हणालो, "मला कापून आईचा अर्धा दाखवता येईल की."

"येईल," ते म्हणाले. "पण मी माणूस कापत नाही."

ही फोटोची पाठ हीच काकांच्या कामाची खरी ओळख आहे असे मी मानतो. त्यांनी वीटभट्ट्या, कांद्याच्या चाळी, साखर कारखान्याबाहेरचे तळ, स्मशानाजवळच्या वस्त्या असे आपल्या जिल्ह्याचे सगळे झाकलेले कोपरे उघडे केले. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढून स्टुडिओ चालवला आणि उरलेल्या वेळात एस.टी.ने हिंडून हे काम केले. पण फोटो काढला की त्यांचे अर्धेच काम झालेले असे. धुतलेला फोटो घेऊन ते पुन्हा त्या माणसाकडे जायचे, त्याला तो नीट पाहू द्यायचे आणि पाठीवर त्याचा शब्द घ्यायचे. फोटोत दोघे असतील तर दोघांचा. कित्येकदा माणसे काम संपवून दुसरीकडे गेलेली असायची, तर काका विचारत विचारत तिथे पोचायचे. नकार आला तर फोटो ट्रंकेत. मोठ्या शहरांतले जाणकार त्यांना म्हणायचे की तुमचे सर्वांत चांगले काम त्या ट्रंकेतच कुजते आहे. काका हसून म्हणायचे, "कुजत नाही. डांबराच्या गोळ्या घालतो मी."

हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. तो त्यांच्या एका चुकीतून आला. ती चूक ते स्वतःच सांगतात, म्हणून मीही लिहितो. उमेदीच्या वयात त्यांनी एका लग्नाच्या मांडवामागे उष्ट्या पत्रावळींतले अन्न गोळा करणाऱ्या माणसाचा फोटो काढला आणि तो एका साप्ताहिकात छापून आला. खूप वाहवा झाली. त्या माणसाच्या गावातही ते साप्ताहिक गेले. तो गाव सोडून निघून गेला. काकांना हे कळले तेव्हापासून त्यांनी त्याचा शोध घेतला, आणि पाच-सहा वर्षांनी तो नागापूरच्या एमआयडीसीत एका गोदामावर राखण करताना सापडला. काकांनी हात जोडले. तो म्हणाला, "फोटू काढला त्याचं काय न्हाई वो. खरंच हुतं ते. पर इचारलं असतं तर मी जरा डोक्याला फडकं तरी बांधलं असतं." काका म्हणतात, गेली चाळीस वर्षे मी त्या फडक्यापायी चालतो आहे.

आमच्या भांडणानंतर दोन महिन्यांनी मला त्यांचे पोस्टकार्ड आले. 'गुरुजी, आपण लिहिलेले दोन शब्द मी पुन्हा पाहिले. अक्षर फार सुरेख आहे. प्रदर्शनाचे मथळे लिहून द्याल का?' माणसाचा नकार वाचतानाही ज्यांना त्याचे अक्षर दिसते, अशा माणसाला काय म्हणावे? मी गेलो. तेव्हापासून आजवर त्यांच्या प्रत्येक प्रदर्शनाचे मथळे मी लिहिले, याचा मला अभिमान आहे.

पहिल्याच मथळ्याला मार बसला. एका बाईच्या फोटोखाली मी 'दारिद्र्याने पिचलेली अभागी माता' असे लिहिले होते. मला वाटले, काका खूष होतील. त्यांनी चष्मा वर केला.

"गुरुजी, हिचं नाव काय?"

"पार्वताबाई."

"काय करते?"

"खडी फोडते."

"मग तेवढंच लिहा. अभागी आहे का नाही ते तिनं तुम्हाला सांगितलंय का?"

मी नवा पुठ्ठा घेतला आणि लिहिले, 'पार्वताबाई. खडी फोडतात.' आजही त्यांच्या सगळ्या फोटोंखाली नाव आणि काम एवढेच असते. दुसऱ्यांची नावे मी अशी शेकड्यांनी लिहिली. माझे तेवढे ट्रंकेत होते.

खाणीवरच्या फोटोंचे प्रदर्शन नगरला भरले, तो दिवस मी कधीच विसरणार नाही. काकांची एक रीत होती. एकाच माणसाचा एकाच जागी कामाला लागताना एक फोटो आणि काम सुटताना दुसरा. अशा जोड्या त्यांनी लावल्या होत्या. खाणींचे काम पाहणारे एक तरुण सरकारी अधिकारी आले. पार्वताबाईंच्या जोडीपुढे थांबून त्यांनी विचारले, "या मायलेकी का?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "ही सकाळी आठची पार्वताबाई, ही संध्याकाळी सहाची."

खालच्या फोटोत दगडाच्या धुळीने केस, भुवया, पापण्या सगळे पांढरे झाले होते. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे कागद ठेवणारे त्यांना वेगळे सांगत होते. ते म्हणाले, "बाई आजारी असतील. अशक्त माणूस तसाही थकलेलाच दिसतो. एखाद्या तरुण, धडधाकट माणसाची अशी जोडी असेल तर दाखवा. मग मला वर काही लिहिता येईल."

मी मथळ्यांच्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून काकांच्या शेजारी उभा होतो. अशी जोडी होती. एकच होती. काकांनी माझ्याकडे पाहिले असते तरी मला कळले असते. त्यांनी पाहिले नाही. ते शांतपणे म्हणाले, "आहे साहेब. पण ती दाखवता येत नाही."

"का?"

"ज्यांची आहे त्यांची इच्छा नाही."

साहेब जरा हसले. त्यांना ती पळवाट वाटली असावी. तेव्हा काकांनी त्यांनाच खाणीवर यायचे आमंत्रण दिले. साहेब खरोखर आले, दुपारपर्यंत थांबले. निघताना त्यांचा ड्रायव्हर आरशात पाहून ओरडला, "साहेब, मला आता बायको घरात घ्यायची न्हाई!" सगळी खाण हसली. पण कागद पुढे सरकायला एक पावसाळा गेला. त्यानंतर दगड फोडण्याआधी त्यावर पाणी मारणे सुरू झाले, पिण्याच्या पाण्याची टाकी आली, तोंडाला बांधायला जाड कापड मिळू लागले. सगळे सुधारले असे मी म्हणणार नाही. जे झाले ते मात्र काकांच्या फोटोंमुळे झाले, हे खाणीवर राबलेला प्रत्येक माणूस सांगेल.

त्या पावसाळ्यापर्यंत माझी आई त्याच खाणीवर कोरड्या धुळीत बसत होती. मी नको म्हणायचो, ती म्हणायची, "मला आत्ताच बसून खायला लावतो व्हय?" माझी जोडी त्या दिवशी भिंतीवर असती तर पाणी आधी आले असते का, हे मला ठाऊक नाही. काकांनी हा प्रश्न मला कधी विचारला नाही. देवापुढे बसल्यावर तो मीच मला विचारत आलो.

काकांच्या मोठेपणाची आणखी एक आठवण सांगतो. माझ्या लग्नात ते आले, सगळे फोटो त्यांनीच काढले. आईला मी तोवर मामांच्या गावी नेऊन ठेवले होते आणि खाणीचे नाव सासरी कोणाला माहीत नव्हते. सासऱ्यांनी जेवताना सहज विचारले, "तुमची आन् आमच्या जावईबापूंची वळख कशी काय?" काका म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक आहे. एकदा फोटो नको म्हणून सांगायला श्रीरामपूरपर्यंत आलं होतं." सासरे हसत सुटले, "असं गिऱ्हाईक पयल्यांदाच ऐकलं!" काकांनी खोटे सांगितले नाही आणि माझे झाकणही काढले नाही. आणखी जिलेबी मागून घेतली.

अठ्ठावीस वर्षे त्यांनी त्या पुठ्ठ्याचा विषय काढला नाही. मी त्यांच्या घरी जेवलो, नाताळात काकूंच्या हातच्या करंज्या खाल्ल्या, त्यांनी आमच्या घरी दिवाळीत अंगणात बसून आईशी तासन् तास गप्पा मारल्या. माझ्या देवघरापुढे ते चपला काढून हात जोडतात, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटून बसतो. ट्रंक कायम आम्ही बसायचो त्याच खोलीत होती. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो.

गेल्या हिवाळ्यात आईचा दम वाढला. नगरला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडापुढे धरली आणि विचारले, "आजी पूर्वी काय काम करायच्या?"

मी म्हणालो, "शेती."

इतक्या वर्षांची सवय होती, ते तोंडातून गेले. खोकत बसलेली आई एकदम ताठ झाली.

"शेती? कुठली रं शेती? आपल्याकं कुंडीयेवढी जिमीन न्हाई! डाक्टर, मी खडी फोडत हुते. लई वर्सं. ह्यो बी हुता संगं. मास्तर झाला आन् दगडाला इसरला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. रागावले नाहीत. "हे आधी सांगायला हवं होतं," एवढेच म्हणाले, आणि लिहून झालेला कागद फाडून दुसरा लिहायला घेतला. माझ्या एका शब्दाने आईला चुकीचे औषध मिळाले असते. बाहेर बाकावर बसल्यावर मी आईचा हात धरला. ती म्हणाली, "माजा अंगठा अजून तितंच हाय का रं, का पुसला?"

त्यानंतरच्या रविवारी मी पूजा पूर्ण केली, नैवेद्य दाखवला आणि श्रीरामपूरला निघालो. चर्च सुटायची वेळ मला पाठ होती. काकांना म्हणालो, "ट्रंक उघडा. मला माझा शब्द बदलायचाय."

पंचाहत्तरीतल्या हातांनी त्यांनी गुंडाळलेला कागद सोडला. मी पहिल्यांदा तो फोटो नीट पाहिला. वरच्यात मी एकवीस वर्षांचा, हसतो आहे, हातात हातोडा आणि खिशाला पेन. खालच्यात तेच पेन आणि तेवढ्याच वयाचा मी, पण पांढऱ्या केसांचा म्हातारा. त्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात जो दिसला, हुबेहूब तोच. शेजारी आई, पदराचे टोक ओले करून दातांत धरलेले.

मी पेन काढले. काकांनी पुठ्ठा मागे ओढला.

"आईंना विचारलंत?"

"काका, तिचा अंगठा आहेच की."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा त्या धडधाकट होत्या. आता त्यांना काय वाटतं ते त्यांनाच विचारावं लागेल."

आणि पंचाहत्तर वर्षांचे शमुवेलकाका पुठ्ठा काखेत धरून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. मी गाडी करतो म्हणालो तर म्हणाले, "आजवर सगळ्या पाठी एस.टी.नंच लिहून आणल्या. आता गाडी कशाला?" हा ग्रंथ त्यांच्या गौरवाचा आहे. पण त्यांचा गौरव काय आहे हे मला विचाराल तर मी तो प्रवास दाखवीन. राहुरीच्या स्टँडवर पुठ्ठ्याला धक्का लागू नये म्हणून उभा राहिलेला तो म्हातारा माणूस दाखवीन.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "लई बारीक हुते वो मी." मग माझ्यावर बोट ठेवले. "ह्या पेनात शाई हुती का रं, का नुसतंच मिरवायला लावलं हुतं?"

काका म्हणाले, "हिराबाई, हा पुस्तकात छापायचा, भिंतीवर लावायचा. पुष्कळ लोक बघतील. चालेल?"

"मी कवाच हो म्हनलं हुतं. ह्याचंच अडलं हुतं. द्या हिकडं." तिने जुन्या अंगठ्याखाली नवा अंगठा उमटवला. तो जुन्यापेक्षा फिकट आला. काकांनी त्यावर फुंकर घातली आणि पुठ्ठा माझ्याकडे सरकवला.

परमेश्वराने, त्यांच्या आणि माझ्याही, शमुवेलकाकांना शंभरीपार निरोगी ठेवावे, त्यांचे डोळे असेच लख्ख राहावेत, मार्थाकाकूंची सोबत त्यांना लाभावी आणि एस.टी.त खिडकीची जागा कायम मिळावी. अजून पुष्कळ पाठी कोऱ्या आहेत.

'दाखवू नये' हे शब्द मी खोडले नाहीत. काका पाठीवर खोडू देत नाहीत. मी त्यांच्याखाली 'दाखवावा' असे लिहिले आणि सही केली. मथळाही मीच लिहिला, 'हिराबाई आणि दत्तात्रय शिरसाठ. खडी फोडतात.' तो फोटो पुढच्या पानावर आहे. वरचा सकाळी आठचा, खालचा संध्याकाळी सहाचा. दोन्हींत डावीकडे माझी आई आहे. उजवीकडचा मी.